टपरीवर राबणारं लहान मूल दिसलं तर काय करायचं: पुण्यातल्या वॉर्डापासून जिनिव्हापर्यंतची पूर्ण वाट

सकाळी अकरा वाजता, शाळेच्या वेळेत, दहा-अकरा वर्षांचा पोरगा टपरीवर ग्लास विसळतोय, बोटांची टोकं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली, आणि आपण चहा पिऊन पैसे देऊन निघतो. पुण्यात हे कुठेही दिसतं, कात्रज असो, मार्केट यार्ड असो, हिंजवडीच्या लेबर कॅम्पशेजारचे ढाबे असोत नाहीतर हडपसरच्या पुढची मंगल कार्यालयं. वाईट बहुतेकांना वाटतं, पण फोन कुणाला लावायचा, लावल्यावर काय होतं, पोराचं उलट नुकसान तर नाही ना होणार, हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून लोक गप्प बसतात. त्यासाठी हे सगळं एका जागी लिहितोय. जरा मोठं झालंय, पण सेव्ह करून ठेवा, लागेल तेव्हा लागेल तेवढं वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मुलाची सुटका करणं हे निम्मंसुद्धा काम नाहीये. सुटका झाल्यानंतरच्या पाच-सहा महिन्यांत ते शाळेत टिकलं आणि घरात दोन पैसे येत राहिले तरच त्याला त्याचा हक्क मिळाला असं म्हणता येईल, नाहीतर ते मूल दुसऱ्या टपरीवर जातं आणि ती टपरी तुम्हाला दिसत पण नाही. त्यामुळे फोन कसा करायचा हे सांगेनच, पण फोननंतरचा भाग जास्त नीट वाचा.

आधी थोडा कायदा, कारण तक्रारीत तो लिहावा लागतो

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ ला बालहक्क करार मंजूर केला, २ सप्टेंबर १९९० पासून तो लागू झाला. त्यात ५४ कलमं आहेत आणि १९६ पक्षांनी तो स्वीकारलाय, अमेरिकेने सही केली पण मान्यता अजून दिलेली नाही. भारत ११ डिसेंबर १९९२ ला त्यात सामील झाला. सगळी कलमं पाठ करायची गरज नाही, पण काही लक्षात ठेवा: कलम ३ म्हणतं की मुलाबद्दलच्या प्रत्येक निर्णयात त्याचं हित आधी बघा, कलम १२ म्हणतं मुलाला स्वतःचं म्हणणं मांडू द्या आणि ते गांभीर्याने घ्या, १९ हे मारहाण, छळ, दुर्लक्ष यापासून संरक्षण, २८ शिक्षण, ३१ खेळ आणि विश्रांती, ३२ आर्थिक शोषणापासून संरक्षण, ३४ लैंगिक शोषणापासून.

आता कुणी म्हणेल की हे सगळं तिकडचं, आपल्या पोलीस चौकीत याचं काय. तर थेट करार दाखवून चौकीत फारसं काही होत नाही हे खरं, पण आपल्याकडचा २०१५ चा बाल न्याय कायदा उघडा, त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की भारत या करारात सामील झाला म्हणून हा कायदा केलाय. म्हणजे तुम्ही तक्रारीत बाल न्याय कायद्याचं कलम टाकलं की त्यामागे करार आलाच. एक अडचण मात्र माहीत हवी. करारात सामील होताना भारताने कलम ३२ बद्दल वेगळं निवेदन केलं होतं, की सगळ्या कामांसाठी किमान वय एकदम ठरवणं शक्य नाही, टप्प्याटप्प्याने करू. नंतर १३ जून २०१७ ला भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे १३८ आणि १८२ क्रमांकाचे करार मान्य केले, एक किमान वयाचा आणि दुसरा बालमजुरीच्या सगळ्यात वाईट प्रकारांचा, त्यामुळे आता जबाबदारी जास्त घट्ट झालीये.

आणि पुणेकरांनी तर हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं म्हणूच नये. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये याच शहरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी किमान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं लिहून दिलं, १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं जे पुढच्या वर्षी पडलं. जिनिव्हातला मुलांच्या हक्कांचा पहिला जाहीरनामा १९२४ चा आहे, म्हणजे या सगळ्यानंतरचा.

मुलाचं वय किती आणि मालक कोण

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही, हॉटेल, गॅरेज, घरकाम, काहीही. १९८६ चा बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला तेव्हापासून ही सरसकट बंदी आहे. सवलती फक्त दोन, एक कलाकार म्हणून काम (त्याला पण अटी आहेत) आणि दुसरी कुटुंबाच्या धंद्यात मदत. ही दुसरी सवलत मालक लोक फार वापरतात, "भाचा आहे हो माझा, सुट्टीत आलाय". आणि कायद्यात काका, मामा, आत्या, मावशी हे कुटुंबात धरलेत, त्यामुळे भाचा खरंच भाचा असला तर तेवढ्यावर तुमची तक्रार अडू शकते. पण ती मदत शाळेच्या वेळेत चालत नाही, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ चालत नाही, धोक्याच्या कामात चालत नाही. म्हणून नातं काय आहे याच्या मागे लागू नका, वार आणि वेळ लिहून ठेवा. मंगळवारी सकाळी अकराला पोरगा टपरीवर होता एवढी नोंद भाचेपणापेक्षा जड पडते.

१४ ते १८ मधल्या मुलांचं वेगळं आहे. खाणी, स्फोटकं, धोकादायक प्रक्रिया अशा यादीतल्या कामांवर त्यांना बंदी, बाकी ठिकाणी काम करता येतं, पण सलग तीन तासांनंतर किमान एक तास सुट्टी, ती धरून दिवसाचे एकूण तास सहाच्या वर नाहीत, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याची सुट्टी हवीच. आता तुम्हीच आठवा, रात्री साडेअकराला पार्सल बांधून देणारा सोळा वर्षांचा मुलगा शेवटचा कधी पाहिला. ते बेकायदेशीर आहे आणि त्याची तक्रार होऊ शकते, "सोळाचा आहे म्हणजे चालतं" असं अजिबात नाही.

मालकाला शिक्षा ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र आहे म्हणजे पोलीस थेट नोंदवू शकतात. मुलाला डांबून ठेवलं असेल, पगार मारला असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७९ लागतं, त्यात ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख दंड आहे आणि तिथे मूल म्हणजे १८ पर्यंत. आई-वडिलांना पहिल्या वेळी बालमजुरीच्या कायद्याखाली शिक्षा होत नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण "गरीब आईबाप तुरुंगात जातील" या भीतीने बरेच लोक फोन करत नाहीत.

फोन करायच्या आधी काय करायचं, काय अजिबात नाही

जागा नीट लिहून घ्या, दुकानाचं नाव, जवळची खूण, कुठल्या चौकातून कुठल्या बाजूला, जमलं तर मॅपवरचं लोकेशन. मूल कुठल्या वेळी असतं, रात्री तिथेच झोपतं का, अंगावर मारल्याच्या किंवा भाजल्याच्या खुणा दिसतात का, कुठली भाषा बोलतं. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी दिसलं असेल तर तसं लिहा.

मालकाशी भांडू नका प्लीज. हे कळकळीने सांगतोय. तुम्ही चार लोकांसमोर आवाज चढवला की त्याच संध्याकाळी मूल तिथून हलवलं जातं, गावी, नाहीतर दुसऱ्या शाखेत, आणि मग टीम येते तेव्हा टपरीवर कुणीच नसतं. मुलालाही फार प्रश्न विचारू नका, नंतर मार त्याला बसतो.

फोटो काढून ग्रुपवर, स्टेटसला, रीलमध्ये टाकू नका. अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तुमचा हेतू चांगला होता म्हणून शिक्षा टळत नाही. पुरावा म्हणून फोटो असेलच तर तो फक्त अधिकाऱ्यांना द्या.

आणि मुलाला स्वतःच्या घरी घेऊन जाऊ नका, दया येते मान्य आहे. पण एकटं, सोडून दिलेलं, हरवलेलं मूल सापडलं आणि चोवीस तासांत कळवलं नाही तर तोच गुन्हा होतो. पुणे स्टेशनवर असं मूल दिसलं तर प्लॅटफॉर्मवरच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या माणसाला सांगा, घरातून पळून आलेली मुलं गाडीतून उतरल्यावर पहिल्या काही तासांतच चुकीच्या माणसाच्या हाती लागतात.

फोन: १०९८

फुकट आहे, चोवीस तास चालू आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून सरकारच्या ताब्यात आलीये आणि ११२ शी जोडली गेलीये. मूल आत्ता या क्षणी मार खातंय, कुणी उचलून नेतंय, असं असेल तर थेट ११२. बाकी १०९८.

पलीकडून विचारतात, मूल कुठे आहे, वय अंदाजे किती, मुलगा की मुलगी, तुम्ही काय पाहिलं, आत्ता धोका आहे का. पाहिलं तेवढंच सांगा, ऐकीव असेल तर "ऐकलंय" म्हणा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, पण नंबर दिलात तर बरं, कारण टीमला जागा सापडली नाही तर ते परत फोन करतात. फोन ठेवायच्या आधी तक्रारीचा नंबर मागा आणि तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. पुढचा सगळा फॉलोअप त्या नंबरावर चालतो, तो नसेल तर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगत बसावं लागतं.

बालमजुरीची तक्रार ऑनलाइन पण होते, केंद्रीय कामगार मंत्रालयाचं पेन्सिल नावाचं पोर्टल २०१७ पासून आहे. करा, पण फक्त त्यावर विसंबू नका.

लेखी तक्रार, जी खरं काम करते

फोनवरची तक्रार लवकर धावते, पण मागे लागायला हातात कागद हवा. मुख्य अर्ज बाल कल्याण समितीला करा. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते, अध्यक्ष आणि चार सदस्य, तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि ती स्वतःहूनही दखल घेऊ शकते. त्याच अर्जाच्या प्रती अपर कामगार आयुक्त पुणे, जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी आणि त्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला. प्रत्येक पोलीस स्टेशनमध्ये एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, तिथे गेलात की ठाणे अंमलदाराला "बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत" एवढंच विचारा, बोलण्याचा सूर बदलतो.

अर्ज लांबलचक नको. साधारण असा:

"प्रति, मा. अध्यक्ष, बाल कल्याण समिती, पुणे. विषय: शाळेच्या वेळेत कामावर असलेल्या अंदाजे ११ वर्षांच्या मुलाबाबत. महोदय, अमुक चौकाजवळील अमुक नावाच्या चहाच्या दुकानात अंदाजे ११ वर्षांचा मुलगा ग्लास धुण्याचे व चहा पोचवण्याचे काम करताना मी अमुक तारखेला सकाळी ११ वाजता व अमुक तारखेला रात्री ९ वाजता प्रत्यक्ष पाहिला. त्याच्या उजव्या हातावर भाजल्याची खूण आहे. १०९८ वर अमुक तारखेला कळवले, तक्रार क्रमांक अमुक. सदर मूल बाल न्याय अधिनियम २०१५ कलम २(१४) नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेले आहे. कृपया मुलाला समितीसमोर हजर करण्याचे, त्याच्या कुटुंबाची सामाजिक तपासणी करण्याचे, वयानुरूप शाळाप्रवेशाचे व मालकाविरुद्ध कारवाईचे आदेश द्यावेत. माझे नाव मालकास कळवू नये ही विनंती."

खाली सही, मोबाईल, तारीख. आवक विभागात द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का घ्या, शिक्क्याशिवाय बाहेर पडू नका. यात शाळाप्रवेश आणि सामाजिक तपासणी हे दोन शब्द मुद्दाम टाकलेत, कारण नुसतं "कारवाई करा" लिहिलं की धाड पडते आणि फाईल बंद होते.

पोलीस म्हणाले की आमची हद्द नाही, तर झिरो एफआयआर मागा, आता नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच त्याची तरतूद आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय.

समितीसमोर काय होतं

मूल ताब्यात घेतल्यावर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत समितीसमोर न्यायचं असतं. रविवार आहे, समिती बसलेली नाही, हे कारण चालत नाही, एका सदस्यासमोर पण हजर करता येतं. आणि हे फार थोड्या लोकांना माहितीये, मूल स्वतःच्या पायाने सुद्धा समितीसमोर जाऊन सांगू शकतं.

मग समिती घरची चौकशी करायला सांगते, सामाजिक तपासणीचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि अंतिम आदेश चार महिन्यांत. वयावर वाद झाला, मालक म्हणाला अठरा पूर्ण आहेत, तर आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. मूल परराज्यातलं किंवा दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल तर तिथल्या समितीकडे पाठवतात.

बालगृहात ठेवणं हा कायद्यानेच शेवटचा पर्याय आहे. करारातलं कलम ९ पण तेच सांगतं, मुलाला विनाकारण आई-वडिलांपासून तोडू नका. इथे माझा आग्रह आहे की मुलाला काय हवंय ते विचारलं गेलं का, हे तुम्ही विचारा. समिती, संस्था, पोलीस, आपण, सगळे त्याच्या डोक्यावरून बोलत असतो आणि ते बाकावर बसून पाय हलवत बघत असतं. कलम १२ हे याच्यासाठीच आहे. समितीचा आदेश चुकीचा वाटला तर ३० दिवसांत अपील करता येतं.

शाळा: इथे खिंड लढवावी लागते

मूल ६ ते १४ मधलं असेल तर शिक्षण हक्क कायदा लागू, संसदेने २००९ मध्ये केला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवायचं नाही, त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचं आणि मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, कलम ४. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम १४. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून पण नाही, कलम ५. आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारू नये हे सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या आधार निकालात सांगितलंय. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, कलम १७ ने बंद.

महापालिकेच्या शाळेत मुलाला घेऊन जाताना हे चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून न्या, भांडायला नाही, फक्त समोर ठेवायला. बहुतेक मुख्याध्यापक चांगले असतात, त्यांना फक्त ऑनलाइन नोंदणीत कागद अडेल अशी धास्ती असते. तोंडी नकार मिळाला तर "सर, एवढं लिहून द्या" म्हणा, लेखी नकार सहसा कुणी देत नाही. तरीही अडलं तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो.

बांधकामाच्या साइटवरची आणि ऊसतोडीची मुलं यांचं दुखणं निराळं. वाघोली, बाणेर, मांजरीला टॉवर उठले की लेबर कॅम्प हलतो आणि शाळा सुटते. पुण्यात साइटवरच्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था वर्षानुवर्षं काम करतायत, त्यांना कळवा. ऊसतोडीला बारामती-इंदापूरकडे आलेल्या किंवा इथून बाहेर जाणाऱ्या मुलांसाठी राज्यात शिक्षण हमी कार्ड असतं, ते गावच्या शाळेतून मागून घ्यायचं, म्हणजे जिथे कोयता पोचेल तिथल्या शाळेत पोराला बसता येतं. मुकादम हे सांगत नाही, शिक्षकाला विचारावं लागतं. आणि मूल सलग ३० दिवस न कळवता गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला कळवायचं असतं, म्हणून महिन्याभराने शाळेत एक चक्कर मारा आणि नुसतं विचारा, येतोय का.

घरात पैसे कुठून येणार

ज्या दिवशी मुलाची मजुरी बंद होते त्या दिवशी घरात तेवढे पैसे कमी होतात, ही गोष्ट टाळून काही बोलण्यात अर्थ नाही. बाप गेलेला असतो नाहीतर दारूत, आई चार घरची धुणीभांडी करते, भाडं थकलेलं. त्या आईला "मुलाला शाळेत घाला ताई" एवढंच सांगून निघून येणं मला तरी बरोबर वाटत नाही.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना ही त्यासाठीच आहे. अनाथ, एक पालक असलेली, पालक गंभीर आजारी असलेली अशा मुलांना महिन्याला २,२५० रुपये मिळतात, वय १८ पर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे, आदेश बाल कल्याण समितीचा. म्हणजे मूल समितीसमोर आहेच तर त्याच वेळी हा अर्ज पुढे करा, नंतर परत सगळी फेरी मारायला लावू नका. कागद: मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, वडील नसतील तर मृत्यू दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, फोटो. यात सगळ्यात जास्त वेळ खातो तो उत्पन्नाचा दाखला आणि आईचं बंद पडलेलं बँक खातं. तुम्ही एक दिवस रजा टाकून आईबरोबर सेतू केंद्रात आणि बँकेत गेलात ना, तर माझ्या मते तो त्या मुलासाठी कुठल्याही धाडीपेक्षा उपयोगाचा दिवस. तिला अर्ज भरता येत नाही असं नसतं, एक दिवस कामावर खाडा केला की पैसे कापले जातात म्हणून ती जात नाही.

दुसरी योजना केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व, महिन्याला ४,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ग्रामीण भागात ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. दोन्हीतली कुठली बसते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. शिवाय मालकाकडून वसूल झालेला दंड आणि सरकारचे प्रत्येक मुलामागे १५ हजार हे त्या मुलाच्या नावाने पुनर्वसन निधीत जमा व्हायला हवेत. ते झाले का हे विचारायला कुणी जात नाही, तुम्ही जा.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर नियम वेगळे

इथे कळवणं ऐच्छिक नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायचंच, लपवलं तर ६ महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि शाळा, क्लास, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत. "शाळेचं नाव जाईल, आपापसात मिटवू" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नका.

मुलाला खोदून खोदून विचारू नका, जे सांगतंय ते ऐका, त्याच्याच शब्दात लिहून ठेवा, "तुझी चूक नाही" एवढं नक्की सांगा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, वर्दी न घालता, आई-वडील किंवा विश्वासातला माणूस शेजारी असताना. मुलाला रात्री पोलीस स्टेशनमध्ये ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. ससून असो की खाजगी हॉस्पिटल, प्रथमोपचार आणि उपचार लगेच आणि फुकट द्यावे लागतात. कोर्टाच्या पूर्ण काळात सोबत राहणारी सपोर्ट पर्सन समितीकडून मागून घ्या, कुटुंबाला तिचा फार आधार होतो.

बालविवाहाचं थोडक्यात: लग्नाच्या आधी कळलं तर १०९८, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, आणि कोर्टाकडून लग्न थांबवण्याचा मनाई आदेश आणता येतो. हरवलेल्या मुलाचं आणखी थोडक्यात: "चोवीस तास थांबा" कुणी म्हणालं तर थांबू नका, २०१३ पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने लगेच एफआयआर व्हायला हवा.

काहीच हललं नाही तर

पंधरा-वीस दिवस वाट बघा, मग स्मरणपत्र, जुन्या अर्जाची शिक्क्याची प्रत जोडून. तरी शांतता असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. त्यात "का केलं नाही" असं विचारू नका, असं विचारा की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोजच्या रोज काय कार्यवाही झाली, फाईल आज कुणाच्या टेबलावर आहे, त्या टिपणीची प्रत द्या. या अर्जाने कामं हलतात.

वकील लागला तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. त्याच्या वर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, मुंबईत आहे, आणि दिल्लीचा राष्ट्रीय आयोग, त्याचं ई-बाल निदान पोर्टल आहे, घरबसल्या तक्रार होते. आयोगांना चौकशीत दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, अधिकाऱ्याला समन्स काढता येतं. एकाच वेळी दोन्हीकडे टाकू नका, एकाने दखल घेतली की दुसरा सहसा बाजूला होतो. राज्याचा महिला व बाल विकास आयुक्त पुण्यातच बसतो, तिथे प्रत्यक्ष जाऊन अर्ज देता येतो, बाकी जिल्ह्यांना ही सोय नाही.

आणि जिनिव्हा

करारावर देखरेख करायला १८ तज्ज्ञांची समिती आहे, जिनिव्हात बसते. वैयक्तिक तक्रारीसाठी एक तिसरा जादा करार आहे, २०१४ पासून लागू, पण भारताने तो स्वीकारलेला नाही, म्हणून आपल्याकडच्या एका मुलाची केस थेट या समितीकडे नेता येत नाही. कुणी "युनोत केस टाकून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

तरी दोन दारं उघडी आहेत. मुलांची विक्री आणि लैंगिक शोषण या विषयावर संयुक्त राष्ट्रांचा विशेष प्रतिवेदक असतो, १९९० पासून हे पद आहे. त्याला कुठल्याही देशातून माहिती पाठवता येते, इथले सगळे उपाय संपले पाहिजेत अशी अट नाही, आणि तो सरकारला पत्र लिहून उत्तर मागू शकतो. मानवी हक्क कार्यालयाच्या साइटवर ऑनलाइन फॉर्म आहे. फक्त पीडित मुलाची आणि पालकांची संमती घ्या, कारण ती पत्रं नंतर जाहीर होतात.

दुसरं दार अहवालांचं. करारातले देश ठराविक काळाने समितीला अहवाल देतात, आणि संस्था, मुलांचे गट सुद्धा आपला पर्यायी अहवाल पाठवू शकतात. भारताच्या तिसऱ्या-चौथ्या एकत्रित अहवालावर २०१४ मध्ये सुनावणी होऊन समितीने शिफारशी दिल्या, त्या नेटवर आहेत, वाचा, बालमजुरी, शाळा, मुलींची स्थिती सगळं त्यात आहे. पर्यायी अहवालाला वजन येतं ते तारखा असलेल्या नोंदींनी. म्हणून तुमची सोसायटी, वाचनालय, गणपती मंडळ, बचत गट, जे कोणी हे काम करत असाल त्यांनी एक साधी वही ठेवा: कळवल्याची तारीख, तक्रार नंबर, समितीसमोर कधी गेलं, शाळेत कधी बसलं, बालसंगोपनचा पहिला हप्ता कधी आला, सहा महिन्यांनी मूल कुठे आहे. मुलाचं नाव लिहू नका, फक्त नंबर द्या. पुढच्या वेळी अहवाल तयार करणाऱ्या संस्था माहिती मागतील तेव्हा ती वही त्यांना द्या, आणि तोपर्यंत दर महिन्याला तीच वही घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा आणि रिकाम्या रकान्यांबद्दल विचारा.